लग्नाआधीचं नातं

खटकचिंचोळी
९ जून २०२३

शरण,

तुझ्या 'शरणु'ला माझे आशीर्वाद आहेतच, ते दर पत्रात लिहीत बसत नाही. आधी सांग, माझ्या लेकीला लघवी झाली का?

तू तिला भालकीच्या दवाखान्यातून कलबुरगीला नेलंस त्याला आज पाच दिवस झाले. रोज संध्याकाळी तू शेजारच्या कल्लप्पाला फोन करतोस आणि तो माझ्या कानाशी येऊन ओरडतो, "अक्का, मल्लेश्वरी बरी हाय म्हणं, बरी हाय!" माझे कान गेलेत, डोकं गेलेलं नाही. बाळंत होऊन तिसऱ्या दिवशी जिचे डोळे सुजेनं मिटले, ती आठव्या दिवशी नुसती 'बरी' कशी? एकतीस वर्षं मराठी शाळेत पोरं शिकवली. कोण खोटं बोलतंय ते मला तोंडावरून कळतं. पण कल्लप्पाच्या तोंडावरून तुझं खोटं कसं ओळखू? म्हणून हे पत्र. सकाळच्या गाडीच्या कंडक्टरकडे देते. तूही त्याच्याचकडे उत्तर दे आणि खरं लिही.

छोटी माझ्याजवळ आहे, वरच्या दुधावर. ती रडली तरी मला ऐकू येत नाही, म्हणून तिच्याकडे सारखं बघत बसावं लागतं. तूही एवढाच होतास, आई गेली तेव्हा. मी अठरा वर्षांची, नवी नवरी, आणि कडेवर बारा दिवसांचा भाऊ घेऊन सासरी आले. पुढं माझी एकुलती एक मल्ली तुलाच दिली. बायका चिडवायच्या, "चंद्रम्मा, भाऊ बी तूच ठेवलास अन् जावई बी तूच ठेवलास की!" मी म्हणायची, "परक्याच्या घरी कामून धाडू? हा माझ्या हातचा वाढलेला हाय." सात वर्षांनी पाळणा हलला आणि त्यात हे.

मल्लीचे वडील असते तर दवाखान्यात तुझ्या जोडीला कुणी असतं. ते नाहीत, म्हणून सगळं तुझ्या एकट्यावर आहे, हे मला कळतं. तरी खरंच लिही.

अक्का

•

कलबुरगी
१३ जून २०२३

अक्का, शरणु.

लघवी झाली नाही. थेंबभरसुद्धा नाही. दिवसाआड मशीनवर तिचं रक्त धुतात, त्याला डायलिसिस म्हणतात. हे ओरडून सांगायला कल्लप्पाला कसं सांगू? अख्खी गल्ली ऐकते.

इथल्या मोठ्या डॉक्टर दीपमाला मॅडम कमलनगरकडच्या आहेत, आपल्यासारखंच बोलतात. त्यांनी मला खुर्चीवर बसवून समजावलं. म्हणाल्या, "रक्तात काही प्रथिनं असत्यात, त्यांना कॉम्प्लिमेंट म्हणतात. जंतू आला की त्याच्या अंगाला भोक पाडायचं, हे त्यांचं काम. ते काम कधी बंद न्हाई. मग ती आपल्याच अंगावर उलटू नयेत म्हणून शरीरात एक लगाम असतो. ह्यांचा लगाम जन्मापासूनच कच्चा असावा असं वाटायलंय. बाळंतपणाचं निमित्त झालं अन् तो सुटला."

सुटला तो थेट किडनीवर गेला. किडनीत केसाहून बारीक नळ्या असतात, त्यांचं आतलं अस्तर या प्रथिनांनी सोलून काढलं आणि तिथं रक्ताच्या गुठळ्या बसल्या. मी डाळ मिलमधला फिटर माणूस. चाळणीची भोकं बुजली की पुढं काय होतं ते मला सांगावं लागत नाही. पण इथं बाहेरचा कचरा काहीच नाही, अक्का. तिच्याच रक्तानं तिची किडनी मोडली.

दुसऱ्यांच्या रक्तातलं पाणी, प्लाझ्मा म्हणतात ते, तिला चढवायलेत, त्यात चांगला लगाम असतो म्हणे. या प्रथिनांना धरून ठेवणारं एक औषध आहे, पण ते जन्मभर घ्यायचं. मॅडमनी किंमत सांगितली आणि स्वतःच खाली बघितलं. तो विषय तिथंच संपला.

त्यांनी विचारलं, घरात आधी कुणाला असं झालं होतं का? मी नाही म्हणालो. आई तापानंच गेली ना?

शरणबसव

•

खटकचिंचोळी
१८ जून २०२३

शरण,

तुझं पत्र चार वेळा वाचलं. समजलं सगळं, पटलं काहीच नाही. ज्या पोरीनं कधी शेजारणीशी मोठ्यानं भांडण केलं नाही, तिचं रक्त तिच्यावरच उलटावं?

माझी किडनी घ्या. एक नव्हे, लागल्या तर दोन्ही घ्या. एकसष्टाव्या वर्षी मला कुठं पळापळी करायची आहे? पुढच्या महिन्यात येते, रक्त बघा, जुळवा. आई आणि लेक, याहून जवळचं काय असतं?

आई तापानंच गेली. तेच तेच विचारत जाऊ नकोस.

छोटीच्या गळ्यात इष्टलिंग बांधलं. स्वामींनी नाव विचारलं, मी म्हटलं तिची आई घरी आल्यावर ठेवू.

अक्का

•

कलबुरगी
७ ऑक्टोबर २०२३

अक्का, शरणु.

जुलैत तू येऊन रक्त देऊन गेलीस, त्याचा आणि मल्लीच्या रक्ताचा बंगळूरहून निकाल आला. मन घट्ट करून वाच. मल्लीच्या लगामात जन्मतःच दोष आहे आणि तोच दोष तुझ्यातही आहे. तुझ्यात तो आयुष्यभर झोपून राहिला, तिच्यात जागा झाला. कुणात जागा होईल, कुणात नाही, ते सांगता येत नाही म्हणे. म्हणून तुझी किडनी चालणार नाही. तीच खोट असलेली किडनी तिला टिकणार नाही आणि काढून घेतल्यावर तुझी उरलेलीही जाऊ शकते. मॅडम म्हणाल्या, "ह्या आजारात रक्ताचं माणूस नको. परकंच पाहिजे."

मल्लीची किडनी आता परत येणार नाही, हेही त्यांनी सांगितलं. डायलिसिससाठी तिच्या हाताची नस दोनदा बनवली, दोनदा बंद पडली. गळ्यातली नळी किती दिवस चालणार?

आता दुसरी गोष्ट. ती मी कुणालाच सांगितली नाही. जूनमध्ये भरती करताना बाहेरगावचे दोन तरुण डॉक्टर कागद भरत होते. आमच्या आधी निंबर्ग्याचं एक जोडपं होतं, बाईनं सांगितलं की नवरा माझा मामा लागतो. ते दोघं इंग्रजीत काहीतरी बोलले आणि तोंडावर हात ठेवून हसले. मग माझी पाळी आली. 'लग्नाआधी नातं?' असा रकाना होता. मला लाज वाटली, अक्का. आपल्याकडं घरोघरी हेच आहे, तरी वाटली. मी म्हणालो, "काही नातं न्हाई." आणि मल्लीला बजावलं, इथं असेपर्यंत मला मामा म्हणू नको. लग्नाला सात वर्षं झाली तरी तिला अहो म्हणता येत नाही. ती बिचारी मला हाकच मारत नाही, नुसती बोटानं खुणावते.

आता मॅडमनी पुन्हा विचारलं, "आपल्याकडं असतं म्हणून इचारायलेय, तुमचं आधी काही नातं होतं का?" या वेळी मला लाज नव्हती. मला फक्त तिला किडनी द्यायची होती. मी पुन्हा नाही म्हणालो. माझं रक्त जुळवलं तर निम्मं जुळलं. तपासणारा म्हणाला, नवऱ्याचं एवढं जुळलेलं सहसा बघायला मिळत नाही, नशीबवान आहात.

डिसेंबरात ऑपरेशन करायचं म्हणतात. सगळे गळ्याएवढ्या पाण्यात असताना काठ दिसलाय. तू फक्त गप्प राहा.

शरणबसव

•

खटकचिंचोळी
११ ऑक्टोबर २०२३

शरण,

तुला आयुष्यभर एक खोटं सांगत आले, ते आता मागं घेते.

आई तापानं गेली नाही. तुझा जन्म झाल्यावर तिसऱ्या दिवशी तिचं तोंड सुजलं, मग पाय, मग सगळं अंग. लघवी थांबली. शेवटी झटके आले आणि बाराव्या दिवशी ती गेली. निंबर्ग्याला आपल्या माहेरच्या घरात बायका तुझ्याकडे बोट दाखवून म्हणायला लागल्या, "पोरानं आईला खाल्लं." तुझ्या कानावर ते कधी पडू नये म्हणून मी तुला उचलून खटकचिंचोळीला आणलं आणि विचारील त्याला ताप सांगितला. जूनमध्ये तू विचारलंस तेव्हाही तेच लिहिलं. सवय झाली होती.

आता कोडं सुटलं. दोष आईचा. तिच्याकडून मला आला, माझ्याकडून मल्लीला. आणि तू त्याच आईचा आहेस. तुला आला असेल किंवा नसेल, निम्मी निम्मी शक्यता. आला असेल तर तुझी किडनी मल्लीला टिकणार नाही आणि तुझीही उरलेली जाईल. मॅडमनी ज्याला परका समजून घेतलंय, तो तिचा सख्खा मामा आहे.

सोबत मॅडमच्या नावानं चिठ्ठी आहे. आईचं बाळंतपण आणि आपलं नातं, दोन्ही स्पष्ट लिहिलंय. खाली सही केली आहे. ती तू तुझ्या हातानं त्यांना दे.

अक्का

•

कलबुरगी
२० ऑक्टोबर २०२३

अक्का, शरणु.

पत्र मिळालं. चिठ्ठीही मिळाली.

आईचं वाचून दोन दिवस मिलमध्ये गेलो नाही. खरं तेच होतं तर बायकांनी खोटं काय म्हटलं?

तू निम्मी निम्मी लिहिलंस. मीही तेच मोजतो. चिठ्ठी दिली तर माझी तपासणी होणार, दोष निघाला की दार बंद. दुसरं कुणी देणारं नाही. सरकारी यादीत तिचा नंबर किती मागे आहे ते मला विचारू नकोस. तपासलंच नाही, तर निम्मी शक्यता तरी हातात राहते. ऑपरेशन १८ डिसेंबरला ठरलं.

खाली मल्लीनं चार ओळी लिहिल्यात.

शरणबसव

आई, छोटीला दात यायलेत का? मामा म्हणायलाय, संक्रांतीला आपण घरी. मला पाणी लई प्यावं वाटतं, दिवसाला दोन पेले देतात. ऑपरेशन झाल्यावर मी पहिल्यांदा तांब्याभर पाणी पिणार आहे. मामाला काही होणार न्हाई ना? त्याला विचारलं की हसतो. तू मला खरं सांग. — मल्ली

•

खटकचिंचोळी
२७ ऑक्टोबर २०२३

शरण आणि मल्ली,

छोटीला खालचे दोन दात आलेत. कल्लप्पाच्या बायकोचं बोट तिनं चावलं. उताणी ठेवली की लगेच पालथी होते आणि मग सरळ होता येत नाही म्हणून रागावते.

मल्ली, तू काळजी करू नकोस. मामा धडधाकट आहे, त्याला काही होणार नाही. डॉक्टर म्हणतील तसं वाग.

शरण, अंगावर काढू नकोस, दोन वेळा नीट जेवत जा. थंडी सुरू झाली आहे, कंडक्टरकडे घोंगडी पाठवली आहे. तूर चांगली आली आहे. बाकी लिहिण्यासारखं काही नाही.

अक्का

•

कलबुरगी
१४ जानेवारी २०२४

अक्का,

मल्लीला माती द्यायच्या दिवशी आपण एका खड्ड्याच्या दोन कडांना उभे होतो, पण एक शब्द बोललो नाही. मी बोललो असतो तरी तुला ऐकू आलं नसतं, आणि एवढ्या लोकांत मला ओरडता आलं नसतं. म्हणून लिहितो.

ऑपरेशन झालं त्या दिवशी पिशवीत लघवी आली. नर्स हसत पिशवी घेऊन मला दाखवायला आली. मल्लीनं तांब्याभर पाणी मागितलं, मॅडमनी अर्धा दिला. ती तो डोळे मिटून प्यायली. आठ दिवस तिच्या तोंडावर रंग होता. नवव्या दिवशी पिशवी कोरडी. त्याच प्रथिनांनी नवी किडनीही तशीच सोलली. मॅडम पुन्हा पुन्हा कागद उलटत होत्या, म्हणत होत्या, "परक्याची किडनी इतक्या लवकर कशी जायलीय?" मी समोरच बसलो होतो.

मग झटके सुरू झाले. शुद्ध हरपली तशी तिनं सगळं बजावलेलं सोडून दिलं आणि मोठमोठ्यानं हाका मारायला लागली, "मामा! मामा! मला घरी ने!" नर्स बाहेर येऊन म्हणाली, "त्या मामाला बोलवायल्यात. बोलवून घ्या ना त्यांना, भेट तरी होईल." मी म्हणालो, "मामा गावाकडं हाय, येणार न्हाई." दोन दिवस ती हाका मारत होती आणि मी काचेबाहेर तिचा नवरा होऊन बसलो.

शरणबसव

•

कलबुरगी
२२ एप्रिल २०२४

अक्का, शरणु.

मागच्या पत्राचं उत्तर तू पाठवलं नाहीस, त्याबद्दल काही म्हणणं नाही.

होळीनंतर मला चार दिवस जुलाब झाले. मिलमधल्या सगळ्यांनाच झाले, ते बरे झाले. माझे पाय सुजले. आता मल्लीला ज्या मशीनवर घेत होते त्याच्या शेजारच्या मशीनवर मला घेतात, आठवड्यातून तीनदा. उरलेली एकच होती, ती गेली.

मॅडमनी या वेळी खुर्ची माझ्या पलंगाजवळ ओढून विचारलं, "शरणबसव, खरं सांगा." मी सांगितलं. तिसऱ्यांदा खोटं बोलायला कारणच उरलं नव्हतं. तुझी चिठ्ठीही दिली. शर्टाच्या खिशात ठेवून तिच्या घड्या फाटल्या होत्या. त्यांनी वाचली. रागावल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "ऑक्टोबरात ही माझ्या हातात आली असती, तर मी तुमच्या किडनीला कुणाला हात लावू दिला नसता."

आता त्यांना छोटीचं रक्त हवं आहे. तिला आईकडून एक आणि बापाकडून एक, असे दोन्ही दोष आले असतील तर बाळंतपणाची वाट बघावी लागणार नाही म्हणाल्या. साधा तापही पुरेल.

तू सांगितलं होतंस, अक्का. मी ऐकलं नाही. मल्लीही माझ्यामुळं गेली आणि आई तर आधीच माझ्यामुळं गेली. दोष माझा आहे. तू मनाला लावून घेऊ नकोस. छोटीला तू सांभाळशील, म्हणून मला चिंता नाही.

शरणबसव

•

खटकचिंचोळी
२६ एप्रिल २०२४

शरण,

उद्याच्या गाडीनं मी छोटीला घेऊन येते. तिचं रक्त देऊ. निकालात काय येईल ते मला आताच माहीत असल्यासारखं वाटतं, आणि तो आला तरी हाती काही औषध नाही, हेही माहीत आहे. ती आता भिंत धरून उभी राहते. नाव अजून ठेवलेलं नाही. ठेवायला हात धजत नाही.

येण्याआधी एक गोष्ट लिहून पाठवते, कारण तुझ्या तोंडाकडे बघत मला ती बोलता येणार नाही. तू लिहिलंस, तू सांगितलं होतंस, मी ऐकलं नाही. हे मी तुला म्हणू देणार नाही.

दवाखाना मी जुलैत पाहिला होता. मॅडमची खोली कोणती, तेही मला ठाऊक होतं. गाडीत बसले असते तर दुपारी त्यांच्या समोर उभी राहिले असते. ऐकायला कान लागतात, सांगायला लागत नाहीत. तेही नको असेल तर पाकिटावर दवाखान्याचा पत्ता टाकून पोस्टात सोडता आलं असतं. दोन महिन्यांची मुदत होती, पण मी यातलं काहीच केलं नाही. मी चिठ्ठी लिहिली आणि तुझ्या हातात दिली, कारण तू ती देणार नाहीस याची मला खात्री होती. तुला मी वाढवलंय. मल्लीसाठी तू काय करशील हे तुझ्या आधी मला माहीत असतं.

मला सांगितल्याचं समाधान हवं होतं आणि माझ्या लेकीला तुझी किडनी हवी होती. दोन्ही मी एकाच पाकिटात भागवलं. नंतरच्या पत्रात चिठ्ठीचं काय झालं म्हणून मी तुला विचारलंही नाही. तू त्याचा अर्थ लावला नाहीस, कारण माझ्याबद्दल तसा विचार करायची तुला सवय नाही. मल्लीनं मला खरं विचारलं होतं, तिलाही खोटंच सांगितलं. आणि हेही लिहिते, की मल्ली जगली असती तर हे मी कधीच कबूल केलं नसतं. तुझं काही बरंवाईट झालं असतं तरी लोकांत रडले असते आणि गप्प राहिले असते.

माझी दोन्ही मूत्रपिंडं ठणठणीत आहेत. मॅडमनी जुलैत तपासली तेव्हाच म्हणाल्या होत्या. ती ना मल्लीच्या कामाला आली, ना तुझ्या येतील, ना छोटीच्या.

अख्खं गाव म्हणायचं, चंद्रम्मानं भावाला पोटच्या पोरासारखं वाढवलं. मलाही तसंच वाटायचं. ऑक्टोबरात ते पाकीट चिकटवताना मला कळलं, पोटची एकच होती.

चंद्रम्मा